परत करण्याची तारीख

स्पीकरला तिने नापास केलं होतं, आणि नेमका तेव्हाच तो सुधारायला लागला.

'दिसायला देखणा, उचलायला हलका, पण आवाज मात्र शेजारच्या घरातून आल्यासारखा.' हे वाक्य लिहून ती स्वतःवर खूश होती. वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या पुरवणीत तिचं सदर असे. कोणता फोन घ्यावा, घेतलेला कसा जपावा, नवीन काय आलंय आणि त्यातलं खरंच उपयोगाचं किती. मजकूर गुरुवारी दुपारी पाठवायचा, आणि पाठवण्याआधी फोनकडून तो मोठ्याने वाचून घ्यायचा, ही तिची पद्धत होती. डोळा सवयीने चुका गिळतो, कान गिळत नाही. यंत्रातली बाई सपाट आवाजात वाचत असे आणि ही खोलीभर फेऱ्या मारत ऐकत असे.

आज घाईत मजकूर आधीच पाठवून झाला होता; वाचन मागाहून, नव्या स्पीकरवरून चाललं होतं, आणि आवाज अगदीच क्षीण होता. मागच्या गुरुवारीही तसाच. पण आता, शेवटच्या परिच्छेदात, तो वाढू लागला. स्पष्ट झाला. खणखणीत झाला. ती थबकली. टेबलावरचा स्पीकर तर मुकाट निळा दिवा मिचकावत बसला होता!

आवाज दाराबाहेरून येत होता. बेल वाजली.

दारात हिरव्या कोटातला एक तरुण उभा होता. गळ्यात स्टेथोस्कोप, बाहीवर पांढरे केस, आणि हातात अगदी तिच्यासारखाच स्पीकर. त्यातून यंत्रातली बाई तावातावाने सांगत होती, "...आवाज मात्र शेजारच्या घरातून आल्यासारखा."

"हे तुमचं का?" त्याने विचारलं.

"माझं... म्हणजे आवाज माझा नाही. मजकूर माझा."

"मी खालच्या दवाखान्यातून आलो. जनावरांच्या. घाबरलेल्या कुत्र्यांसाठी आम्ही संथ संगीत लावून ठेवतो. ते जरा बंद केलं, की या बाई सुरू होतात. मागच्या गुरुवारी म्हणाल्या, फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. आज म्हणतायत, आवाज वाईट आहे." त्याने स्पीकरकडे पाहिलं. "आवाज तर चांगलाच आहे हो. टेबलावरचं मांजर कपाटावर जाऊन बसलंय."

तिने फोन पाहिला. ब्लूटूथच्या यादीत एकाच नावाचे दोन स्पीकर होते, आणि तिने न बघता वरचा निवडला होता. दर आठवड्याला लोकांना 'जोडण्याआधी नाव तपासा' असं सांगणारी ती, गेले आठ दिवस खालच्या मजल्यावरच्या स्पीकरची परीक्षा घेत होती. तिचे कान गरम झाले. पुढच्याच क्षणी तिने ऑफिसला फोन लावला.

"पान छपाईला सुटलं का?"

"सोडतोय," उपसंपादक म्हणाले.

"थांबवा! स्पीकर पास झालाय."

"अहो, तासाभरापूर्वी नापास होता ना? पुनर्मूल्यांकन केलं की काय?"

"पाच मिनिटं द्या फक्त."

तिने उभ्याउभ्याच मजकूर बदलला. डॉक्टर दारातच थांबला होता. जाऊ की राहू, असं तोंड करून. मजकूर गेल्यावर तिने मान वर केली.

"वाचवलंत मला. उद्या छापून आलं असतं, तर कंपनीने जाब विचारला असता आणि वाचकांनी जीव खाल्ला असता. आणा तो स्पीकर, नाव बदलून देते. आपोआप जोडणंही बंद करते. परत त्रास नको तुम्हाला."

"नको," तो एकदम म्हणाला. "म्हणजे... नाव बदला. पण जोडणी राहू द्या."

"का?"

"शेठ झोपतो त्या आवाजाने."

शेठ म्हणजे दवाखान्यातला म्हातारा कुत्रा. त्याचा मालक वारला, तेव्हापासून तो दवाखान्यातच असे. आणि सुईपेक्षा दुपारच्या शांततेला जास्त घाबरे. संगीताने काही झालं नाही. पण मागच्या गुरुवारी, फोन उशीखाली का ठेवू नये, हे ऐकताना तो घोरायला लागला होता.

"माझं लिखाण ऐकून झोप लागते, हे तुम्ही कौतुकाने सांगताय?"

"कुत्र्यांच्या जगात याहून मोठं कौतुक नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाला. पण त्याचे डोळे हसत होते... आणि ते तिच्या लक्षात राहिले.

जाताजाता त्याने घरावरून नजर फिरवली. भिंतीला लागून छतापर्यंत खोकी रचली होती.

"सामान बांधताय?"

"छे. हे सगळं परत जायचंय. कंपन्या वस्तू वापरून बघायला देतात. तारीख ठरलेली असते. तारीख आली की सगळं पुसायचं, खोक्यात घालायचं, परत. म्हणून खोकी टाकत नाही. प्लास्टिकही काढत नाही."

"आणि तो फ्रिज?"

तिने वळून पाहिलं. फ्रिजच्या दारावर दुकानातून आलेलं पारदर्शक प्लास्टिक अजून तसंच होतं. कडेला थोडं फुगलेलं.

"तो... माझाच आहे."

"मग?"

"सवय," ती म्हणाली.

दर गुरुवारी दुपारी मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. वर ती फेऱ्या मारायची, खाली यंत्रातली बाई वाचायची, आणि वाचन संपलं की तिच्या फोनवर डॉक्टरचा निरोप यायचा. 'शेठ दुसऱ्या परिच्छेदात झोपला. मी तिसऱ्यात अडकलो. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर का थांबवायची?' ती लिहायची, 'काठोकाठ भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. फोनमध्येच तशी मर्यादा घालता येते.' तो विचारायचा, 'माणसांनाही लागू?' ती खूप विचार करून उत्तर द्यायची, 'माणसांची चाचणी घेतलेली नाही.'

ताईला हे कळायला वेळ लागला नाही. थोरल्या बहिणींना अशा गोष्टींची सूचना कुठून येते, कोण जाणे.

"चिमे, तू हल्ली मजकूर ऐकताना लिपस्टिक लावतेस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"व्हिडिओ कॉलवर दिसतंय मला. वाचतंय यंत्र, ऐकतोय कुत्रा. लिपस्टिक कुणासाठी गं?"

"वाचन झालं की खाली जावं लागतं. कामाला."

आणि खरंच काम असे. हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्या बटणाएवढ्या चकत्यांची चाचणी घ्यायची होती. लोक त्या किल्ल्यांना लावतात, बॅगेत टाकतात, आता जनावरांच्या पट्ट्यालाही लावू लागले होते. शेठच्या पट्ट्याला एक लावली. डॉक्टरने त्याला घेऊन बागेत कुठेतरी लपायचं आणि तिने फोनवरून शोधायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा फोनने तिला रिकाम्या बाकापाशी नेलं. शेठ तिथून केव्हाच पुढे गेला होता. तिने टिपून ठेवलं, 'चकती जवळच्या अनोळखी फोनांच्या मदतीने जागा सांगते. पळणाऱ्या जनावराला ती पुरत नाही. त्याला उपग्रहावरून शोधणारा पट्टाच हवा.' दुसऱ्यांदा बाण हळूहळू वळत तिला एका जाड बुंध्याच्या झाडाकडे घेऊन गेला. रिमझिम सुरू झाली होती. झाडामागून एक शेपटी हलताना दिसत होती, पण ती मुद्दाम फोनकडेच बघत चालली.

"काय म्हणतोय फोन?" झाडामागून आवाज आला.

"म्हणतोय, अगदी जवळ."

"बरोबर सांगतोय," तो म्हणाला.

ती बुंध्याला वळसा घालून गेली, तर तो खरंच हातभर अंतरावर होता. केसांवर पाण्याचे बारीक थेंब... शेवटी शेठने अंग झटकून दोघांनाही भिजवलं, आणि हसायला कारण मिळालं.

त्याच दिवशी दवाखान्यात बसून तिने त्याचा फोन सरळ केला. जागा संपली होती, कारण कुत्र्यांच्या पंजांचे फोटो चार-चार वेळा साठले होते. नको त्या सूचना बंद केल्या. मग ती म्हणाली, "कुलूप असलेल्या पडद्यावरही तातडीचा नंबर दिसायला हवा. तुम्हाला काही झालं, तर लोकांनी कुणाला फोन करायचा?"

"मामांना."

"मामा स्वतः गुडघा धरून बसलेत ना?"

दवाखाना मामांचा होता. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून भाचा मोठ्या शहरातल्या जनावरांच्या इस्पितळातून रजा घेऊन आला होता. हे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"मग दुसरं कुणी? जवळ राहणारं," तिने विचारलं.

तो तिच्याकडे पाहत राहिला. "टाकू का... वरच्या मजल्यावरचा?"

"सोयीचं पडेल," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"हो ना. सोयीचंच."

तिने स्वतःचा नंबर टाकला, आणि टाकताना एक आकडा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर टाकला.

दारात आलेल्या प्रत्येक वस्तूला ती आधी विचारत असे, परत कधी जायचं? तारीख कळल्याशिवाय खोकं उघडत नसे. या एका बाबतीत मात्र तिने विचारलं नव्हतं. ती तारीख तिला एका मांजरवाल्या मावशींकडून कळली.

मावशी मांजराला टोपलीतून काढता काढता म्हणाल्या, "काय डॉक्टर, मामा सोमवारपासून यायला लागणार म्हणे! म्हणजे तुमची सुटका. चाललात ना आता आपल्या मोठ्या इस्पितळात?"

ती कोपऱ्यात शेठच्या पट्ट्यातली चकती काढत होती. तिने मान वर केली नाही. फक्त हात थांबले.

"हो... बहुतेक," तो म्हणाला.

बहुतेक! तिच्या मजकुरात हा शब्द आला असता, तर तिने तो खोडला असता.

वर येऊन तिने फोन काढला. ब्लूटूथच्या यादीत त्याचा स्पीकर होता. तिनेच त्याला 'शेठची दुपार' असं नाव दिलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. 'हे उपकरण विसरायचं?' फोनने विचारलं. तिने फोन टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. मग 'हो' दाबलं.

त्या गुरुवारी तिने कानात इयरफोन घालून मजकूर ऐकला. विषय होता, जुनी वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याआधी काय करावं. खात्यातून बाहेर पडा. हवं ते दुसरीकडे साठवा. सगळ्या जोडण्या तोडा. मग सगळं पुसा. नीट, सुबक, एकही चूक नसलेला मजकूर होता, आणि तो तिला अजिबात आवडला नाही. खालून निरोप आला, 'आज बाई बोलल्या नाहीत. शेठ दारापाशी बसलाय.' तिने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाठवलं, 'कामात होते.'

ताईचा फोन आला. "आवाज का असा?"

"तो सोमवारी जाणार."

"कोण म्हणालं, तो?"

"मांजरवाल्या मावशी."

"अगं, मग त्याला विचार की! दुकानदारांना डोकं खाऊन खाऊन प्रश्न विचारतेस, मेमरी किती, वॉरंटी किती, आणि इथे तोंड शिवलंय?"

"विचारून काय होणार? जायचं ते जाणारच. मी आधीच आवरतेय."

"चिमे," ताईचा सूर मऊ झाला, "फ्रिजवरचं प्लास्टिक काढलंस का गं?"

"काढलं की ओरखडे पडतात."

"पडू देत. फ्रिज वापरायला घेतलास की जपायला?"

शुक्रवारी दुपारी स्पीकर परत जाणार होता. कुरिअरवाला चारच्या सुमारास येणार होता. तिने वायर गुंडाळली, पुस्तिका पिशवीत घातली, खोकं उघडं ठेवलं. शेवटचं काम उरलं होतं: सगळं पुसणं. तिने दोन बटणं एकत्र दाबून धरली. स्पीकरने टिंग असा आवाज केला, निळा दिवा भराभर मिचकावू लागला. आता तो कुणालाच ओळखत नव्हता आणि कुणाशीही जोडला जायला तयार होता. ती तो बंद करणार, एवढ्यात तिच्या हातातच तो बोलला.

"नमस्कार," यंत्रातली बाई म्हणाली. "या आठवड्यात आपण एका डॉक्टरची चाचणी घेणार आहोत."

स्पीकर तिच्या हातून पडता पडता राहिला.

"दिसायला बरा. कपड्यांवर केस आढळतात; तो दोष नसून ते सोबतच येतात. बॅटरी दुपारच्या जेवणानंतर उतरते, चहाने पुन्हा चढते. ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय नाही. आनंद झाला की काठोकाठ भरतो."

ती हसली, आणि हसताना तिला कळलं की डोळेही भरलेत.

"आवाजाबद्दल सांगायचं, तर तो एरवी मोठा आहे. पण समोर खास व्यक्ती असेल तर ऐन वेळी जातो आणि 'बहुतेक'सारखे निरुपयोगी शब्द बाहेर पडतात. म्हणून हे यंत्राकडून वाचून..." आवाज खरखरला, तुटला. खाली पावलं वाजली. जिन्यावर. आवाज पुन्हा जोडला गेला. "...घेत आहे. आता सर्वात महत्त्वाचं. परत करण्याची तारीख."

आणि गप्प.

ती थांबली. स्पीकर हलवून पाहिला. कानाला लावला. काही नाही. नुसता निळा दिवा. एरवी अशा ठिकाणी ती शांतपणे फोन बंद-चालू करून बघा, असा सल्ला देत असे. आता तिने धाडकन दार उघडलं.

डॉक्टर दोन पायऱ्या खाली उभा होता, फोन डोक्याच्या वर धरून. मागे शेठ धापा टाकत होता.

"तारीख ऐकूच आली नाही!" ती म्हणाली.

"तुटलं का? इथेच तुटतं. दवाखान्यातून तर माझ्या जुन्या फोनला वरपर्यंत पोचताच येईना. मघापासून जिन्यात उभा आहे. आज छापील अंकात वाचलं तुमचं — देण्याआधी सगळं पुसा. म्हटलं, स्पीकर आज परत जाणार असं तुम्ही बोलला होतात, म्हणजे तोही पुसणार. पुसल्यावर तो क्षणभर मोकळा असतो, हेही तुमच्याच सदरात ऐकलेलं."

"म्हणजे शेठ झोपल्यावरही तुम्ही शेवटपर्यंत ऐकत होतात?"

"एकही गुरुवार सोडला नाही." त्याने फोन खाली घेतला. बोटं पडद्यावर फिरली. "थांबा, परत लावतो—"

"नको," ती म्हणाली. "यंत्र नको. तारीख तुम्ही सांगा."

त्याने फोन खिशात घातला. एक पायरी वर चढला. तोंड उघडलं... आणि आवाज खरंच गेला. त्याने खाकरून पाहिलं. ती वाट पाहत राहिली, आणि या वेळी तिने मदत केली नाही.

"तारीख नाही," तो शेवटी म्हणाला. "मामांशी बोललो काल. ते कधीचे म्हणतायत, दवाखाना दोघांनी चालवू. सकाळ त्यांची, दुपार माझी. मीच टाळत होतो. त्या दिवशी 'बहुतेक' म्हणालो, कारण... राहायला कारण होतं माझ्याकडे, पण ते कारण नुसतं मला हवं असून चालणार नव्हतं. त्यालाही मी हवा असायला हवा होतो. तुम्हाला विचारणार होतो. तेवढ्यात काल दुपारी वरचा आवाजच बंद झाला."

"मी... विसरून टाकलं होतं. फोनमधून."

"फोनमधून?"

"फक्त फोनमधून," ती म्हणाली.

"माझ्या फोनवर तातडीचा नंबर अजून तुमचाच आहे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? आत्ता तातडीच आहे."

तिला खूप काही बोलायचं होतं. पण आयुष्यभर नेमकं लिहिणाऱ्या तिला त्या क्षणी सदरातलंच वाक्य आठवलं. "वापरून बघितल्याशिवाय मी कशाचीच शिफारस करत नाही."

"मग बघ ना," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, ते त्यालाही कळलं नसावं. "किती दिवस लागतात चाचणीला?"

"चांगली वस्तू असेल तर..." ती एक पायरी उतरली. दोघांत आता पायरी उरलीच नव्हती. "तर मी परतच करत नाही."

"असं आजवर किती वेळा झालं?"

"पहिल्यांदाच होतंय," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवरचा एक पांढरा केस उचलला. उचलल्यावर त्याचं काय करायचं ते तिला सुचेना, म्हणून ती बाहीच धरून राहिली.

खालून कुरिअरवाल्याने हाक मारली, "पार्सल आहे का?"

"आहे, आहे!" दोघं एकदम म्हणाले आणि दचकून लांब झाले. शेठ दोनदा भुंकला.

स्पीकर तिने नियमाप्रमाणे खोक्यात घातला, चिकटपट्टी लावली, देऊन टाकला. दुसऱ्याचा होता, तारीख झाली होती, गेला. दार लावून ती आत आली, तेव्हा डॉक्टर स्वयंपाकघरात उभा राहून फ्रिजच्या दाराकडे पाहत होता. शेठ पंख्याखाली आडवा झाला होता.

ती फ्रिजपाशी गेली. प्लास्टिकचा फुगलेला कोपरा नखाने उचलला.

"धर हा," ती म्हणाली.

त्याने एक टोक धरलं, तिने दुसरं. चर्र... असा लांबलचक आवाज घरभर झाला. शेठने एक कान उचलला आणि पुन्हा टाकला. प्लास्टिकखालून दार एकदम लखलखीत निघालं; त्यात दोघांचे चेहरे, जरा पसरट, जरा वाकडे, शेजारी-शेजारी दिसत होते.

"आता ओरखडे पडतील," तो म्हणाला.

"पडू देत," ती म्हणाली, आणि प्लास्टिकचा बोळा करून तिने तो रिकाम्या खोक्यांच्या ढिगावर फेकला.